कुंभार पिंपळगांवाहून ओझरास

आमच्या कुंभार पिंपळगांवापासून समर्थ रामदासस्वामींचें जन्मस्थान जांब जवळच आहे. त्यामुळें प्रवास म्हटला म्हणजे येथील माणसास प्रथम तीर्थयात्राच आठवते. गेल्या हिवाळ्यांत आम्ही निघालों तें मात्र विमानांच्या गांवीं. तेथील कारखान्यांतून निवृत्त झालेल्या एका जुन्या विद्यार्थ्याचें आग्रहाचें बोलावणें होतें. परतूरला आगगाडींत बसून मनमाडास उतरलों व मोटारीनें चांदवड, पिंपळगांव बसवंत हीं गांवें मागें टाकीत ओझर गांठलें. वाटेवर द्राक्षांचे मळे, आणि पुढें कारखान्याची लांबच लांब भिंत!

हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा हा कारखाना १९६४ सालीं मिग विमानांसाठीं निघाला. पुढें सोव्हिएत परवान्यानें येथें मिग-२७ तयार होऊं लागलें. अशीं १६५ विमानें येथून बाहेर पडलीं. आपल्या हवाई दलांत त्यास 'बहादुर' म्हणत. मिग-२३ हें आकाशांत झुंजणारें विमान. त्यांत फेरफार करून जमिनीवरील शत्रूवर हल्ला करणारें हें विमान सिद्ध झालें. वैमानिकास खालची भूमि दिसावी म्हणून नाक उतरतें केलें, त्याच्या बैठकीच्या बाजूंस चिलखती पत्रे बसविले, पोटाखालीं सहा नळ्यांची ३० मिलिमीटरची तोफ दिली. पंखही मागेंपुढें वळत. इंजिन मात्र एकच!

येथें आमचा विद्यार्थी बोलतां बोलतां थांबला. २७ मे १९९९ रोजीं, कारगिलच्या युद्धांत, फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांनीं शत्रूवर अग्निबाण सोडले आणि त्यांच्या मिग-२७ चें तें एकुलतें इंजिन बंद पडलें. हवाई छत्रीनें उतरावें लागलें, व ते शत्रूच्या हातीं सापडले.

"गुरुजी, त्या रात्रीं घरांत कोणास जेवण गेलें नाहीं. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक जोड तपासून झाला तरी मी पुन्हां एकदां तपासूं लागलों."

कठोपनिषदांतील नचिकेता यमाच्या दारीं तीन रात्री काढून परतला; हे नचिकेता ३ जूनला कैदेंतून सुटून स्वदेशीं परतले. तें विमानही २७ डिसेंबर २०१९ रोजीं जोधपूर येथें सेवेंतून निवृत्त झालें.

परततांना आम्हांस गांवचा कुंभार आठवला. आमच्या लहानपणीं तो प्रत्येक मडकें बोटानें वाजवून मगच गिऱ्हाइकाच्या हातीं देई. त्याचें मडकें फुटलें तर पाणी सांडे. येथें माणसाचा प्राण पणास लागलेला असे. वैमानिकाचें शौर्य सारे गातात. तें ज्यांच्या हातांच्या भरंवशावर उभें असतें, त्यांतील एक हात आम्हीं पाटीवर अक्षर गिरविण्यासाठीं धरला होता, हें ओझरास जाईपर्यंत आमच्या ध्यानींही नव्हतें.