मागची बैठक

मोटारसायकल घ्यावी की घेऊ नये, या प्रश्नाचा निकाल लावण्यास आम्हांस चार वर्षे लागली. पण त्या प्रश्नाने आमची झोप कधी मोडली नाही, कारण खिशात हात घातला की त्याचे उत्तर आपोआप मिळे. पुढे पतपेढीचे कर्ज मंजूर झाले, गाडी ठरली, आणि मग गाडीवर काय काय बसवून घ्यावे या दुसऱ्याच प्रश्नाने आमचे चार आठवडे खाल्ले.

पूर्वी हा प्रश्न नसावा. १९५५ साली मद्रासेत इंग्लंडातील रॉयल एनफील्ड कंपनीच्या सहकार्याने बुलेट तयार होऊ लागली, १९६१ पासून म्हैसुरात जावा होऊ लागली. आमच्या आजोळची वृद्ध मंडळी सांगत, की त्या दिवसांत गाडी हाती आली हीच मोठी चैन असे. वर आणखी काय हवे, असे विचारणारा कोणी भेटत नसे. आज विचारणारे पुष्कळ. आम्ही पसंत केलेली मीटिओर ३५० ही गाडी २०२० च्या नोव्हेंबरात बाजारात आली ती मुळी फायरबॉल, स्टेलर आणि सुपरनोव्हा अशा तीन रूपांत. स्टेलरला मागे बसणाऱ्याच्या पाठीसाठी टेका आहे. सुपरनोव्हाला तो आहेच, शिवाय पुढे वारा अडवणारी काचही आहे. शोरूममधील तरुणाने या तिन्ही रूपांची स्तोत्रे म्हटली आणि वर एक छापील यादी आमच्या हाती दिली. लेगगार्ड, लांबच्या प्रवासाची गादी, दोन बाजूंच्या सामानपेट्या, धुक्याचे दिवे, मोठे आरसे! हिशेब केला तेव्हा सगळ्या यादीची बेरीज आमच्या दोन महिन्यांच्या पगारापुढे गेली.

एवढी जड गाडी संतपूरच्या मास्तराला कशाला, असे वाचक विचारतील. आम्ही मूळचे गोव्याचे. घरात कोंकणी, वर्गात मराठी आणि बाजारात मोडकेतोडके कन्नड, असा आमचा त्रिभाषी संसार आहे. चवथीला आणि मेच्या सुट्टीत घरी जायचे म्हणजे बीदर, हुमनाबाद, कलबुर्गी, जेवरगी, सिंदगी, विजयपूर, बेळगाव आणि मग चोर्ल्याचा घाट. अंतर सहाशे किलोमीटरांच्या आसपास. एस. टी.ने गेल्यास दोन-तीनदा गाडी बदलावी लागते आणि प्रत्येक वेळी एखादे बोचके मागे राहते. म्हणून हे धाडस.

शिक्षकांच्या खोलीत ती यादी आठवडाभर फिरली. आमच्या विज्ञान-शिक्षकांनी फळ्यावर आकृती काढून सिद्ध केले, की वेग दुप्पट झाला म्हणजे हवेचा विरोध चौपट होतो. सबब चाळिसाच्या वेगाने जाणाऱ्याला काच ही शोभा, पण ऐंशीने जाणाऱ्याला ती गरज. "तुम्ही किती वेगाने जाणार?" असे त्यांनी विचारले, तेव्हा आम्हांस ऐंशी म्हणावेसे वाटले, पण मुख्याध्यापक खोलीत होते. गणिताच्या गुरुजींनी गाडीचे १९१ किलो, आमचे, आमच्या कुटुंबाचे आणि नारळांच्या पोत्याचे वजन मिळवून मागच्या टायरची कीव केली. शाळेच्या शिपाईमामांचे मत असे पडले, की मोबाईल लावायची जागा असली म्हणजे झाले. बाकी सगळे मोबाईल सांगतो.

कन्नडच्या शिक्षकांनी एक सोपी युक्ती सांगितली. प्रत्येक नावापुढे 'बेकु' किंवा 'बेडा' लिहायचे. म्हणजे हवे किंवा नको. आम्ही घाईघाईने नुसते पहिले अक्षर लिहीत गेलो. रात्री कंदिलासारख्या मंद दिव्याखाली यादी उघडली तो सगळीकडे 'बे', 'बे', 'बे'. गाडीला काय हवे आणि काय नको, हे ठरवण्याचे काम पुन्हा पहिल्यापासून.

एका बाबतीत मात्र निकाल झटपट लागला. याच गाडीचे ऑरोरा नावाचे तारांच्या चाकांचे रूप २०२३ साली निघाले; त्याच्या टायरांत ट्यूब असते. तारांची चाके आम्हांस फार आवडतात, कारण सायकलीवरून कॉलेजला गेलेल्यास ती आवडणारच. पण नाक्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांनी मान हलवली. "सर, काँटा तो दोनों में घुसता. ट्यूब की हवा एकदम जाती, ट्यूबलेस की आहिस्ता." ट्यूबलेसचे चाक न खोलता पट्टी खुपसून भोक बुजवता येते, हे त्यांनी एका ट्रकवाल्याच्या टायरवर दाखवलेही. बाभळीच्या काट्यांच्या मुलखात हयात घालवलेल्या माणसापुढे आमची आवड ती काय! आम्ही तारांच्या चाकांचा नाद सोडला.

मग आम्ही कायदा वाचला. कला शाखेचा पदवीधर अडचणीत सापडला म्हणजे काहीतरी वाचतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आहे. मागे बसणाऱ्यास धरण्यासाठी कडी, पाय ठेवण्यास पायरी आणि मागचे निम्मे चाक झाकणारी जाळी, म्हणजे आपण जिला साडीगार्ड म्हणतो ती, या गोष्टी गाडीला असल्याच पाहिजेत. त्या मागून घ्याव्या लागत नाहीत. हा नियम वाचताना आम्हांस थोडे चमत्कारिक वाटले. आमच्या यादीतील एकूण एक खूण पुढे बसणाऱ्यासाठी होती: आमच्या छातीवरचा वारा, आमच्या डोळ्यांपुढचे धुके, आमचे आरसे. मागे कोणी बसते याची आठवण त्या रूक्ष नियमाला होती, आम्हांस नव्हती.

आमचे कुटुंब इतके दिवस या चर्चेत एक शब्द बोलले नव्हते. त्या रात्री ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "म्हज्या हेल्मेटाचें कितें?"

येथे आम्हांस एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. पाच वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही दोघे आमच्या शंभर सी. सी.च्या गाडीवर याच वाटेने निघालो होतो. जेवरगीला जेवण झाले. पुढचा रस्ता सरळ, ऊन कडक, झाडे विरळ. सिंदगीच्या अलीकडे एका गावाच्या तोंडाशी गतिरोधक आला म्हणून आम्ही ब्रेक दाबला, आणि गाडी एकाएकी हलकी झाली. तिला डुलकी लागली होती. वेग तीस-पस्तिसाचाच असेल. मागे वळून पाहतो तो ती रस्त्याच्या कडेला बसलेली, आणि तिचे हेल्मेट घरंगळत नांगरलेल्या शेतात गेलेले. भुवईच्या वर तीन टाके पडले. त्या हेल्मेटची बकल तुटलेली होती आणि ते आम्हांस संतपुराहून निघण्यापूर्वीच ठाऊक होते. 'बीदरला नवी लावून घेऊ' असे आम्ही म्हणालो होतो. बीदरला पोहोचल्यावर उन्हाच्या आधी पुढे जाण्याची घाई झाली.

तो व्रण आम्ही रोज पाहतो. तरी चार आठवड्यांत यादीवर हेल्मेट हा शब्द आला नाही, कारण छापील यादीच्या ज्या पानावर आम्ही खुणा करीत होतो ते पान गाडीचे होते.

दुसऱ्या दिवशी स्टेलर नक्की केली. काच गेली, धुक्याचे दिवे गेले, मोठे आरसे गेले. लेगगार्ड ठेवला, कारण गाडी आडवी झाली तर पाय सापडू नये. सामानपेट्यांऐवजी जुन्याच कापडी पिशव्या. उरलेल्या पैशांत बीदरला दोन पूर्ण चेहऱ्याची, आय. एस. आय. शिक्क्याची हेल्मेटे घेतली. दुकानदाराने फितीने तिच्या डोक्याचा घेर मोजला तेव्हा कळले, की इतकी वर्षे ती आमच्या मापाचे हेल्मेट घालत होती. तिने सात हेल्मेटे घालून पाहिली, प्रत्येकाची बकल स्वतः लावून ओढली, आणि दुकानदार कंटाळला तरी घाई केली नाही. आम्हीही केली नाही.

यंदाच्या चवथीला निघालो. दुपारी, जेवरगीच्या पुढे, खांद्यावर थाप पडली. "थांबय. न्हीद येता." आम्ही एका कडुनिंबाखाली गाडी उभी केली. तिने चटई पसरली, हेल्मेट उशाशी ठेवले आणि अर्धा तास गाढ झोपली. इतक्या विचाराने घेतलेला पाठीचा टेका तेवढा वेळ उन्हात रिकामा तापत होता. शेजारच्या टपरीवाल्याने तिला उठलेली पाहून विचारले, "चहा बेका?"

"बेकु," ती म्हणाली, आणि दोन बोटे दाखवली.