जुळवणी

आमच्या जामखेडच्या घरी माळ्यावर एक लांबट लाकडी पेटी कित्येक वर्षे पडून होती. तीत काय आहे हे घरातील सर्व वडीलधाऱ्या मंडळींस ठाऊक होते, आणि म्हणूनच तिच्याविषयी सहसा कोणी बोलत नसे. पेटीत आमचे कैलासवासी चुलते तात्या यांची छऱ्याची बंदूक होती. ती माळ्यावर गेली त्याला कारण आम्हीच होतो.

आमचे वय तेव्हा बारा वर्षांचे असेल. ज्या तालुक्यात खर्ड्याचे रणांगण आहे, तेथील मुलांना बंदुकीचे वेड निराळे लावावे लागत नाही. ११ मार्च १७९५ रोजी परशुरामभाऊ पटवर्धनांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, ही कथा आम्ही तात्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली होती की, परसातील प्रत्येक झुडपामागे आम्हांस मोगली स्वार दिसत. एके दिवशी तात्या झोपलेले पाहून आम्ही बंदूक उचलली आणि जुईच्या मांडवावर बसलेल्या बुलबुलावर नेम धरला. नेम लागला. आनंदाची पहिली उकळी ओसरते न ओसरते तोच मांडवातून बारीक आवाज ऐकू येऊ लागला. घरट्यात दोन पिले होती. काकूंनी आम्हांस एक शब्दही बोलून दाखविला नाही. त्यांनी कापसाच्या वातीने त्या पिलांना तीन दिवस पाणी व भिजवलेले पीठ भरविले. चौथ्या दिवशी दोन्ही पिले गेली. तात्यांनी बंदूक पेटीत ठेवली, आणि पेटी माळ्यावर चढली.

गेल्या उन्हाळ्यात आमचा पुतण्या पुण्याहून सुट्टीत आला. यंत्रशास्त्राचा तो विद्यार्थी. त्याने ती पेटी खाली काढली, बंदूक निरखली, आणि आठच दिवसांनी टपालाने एक पुडके आले. त्यात नवी स्प्रिंग, दट्ट्याला बसवावयाचा कृत्रिम रबरासारख्या पदार्थाचा वायसर, स्प्रिंगच्या पोटात बसणारी एक गुळगुळीत दांडी, ग्रीसची लहान डबी आणि तीन पोलादी चकत्या एवढे सामान होते. असे संच जुन्या बंदुकांच्या जुळवणीसाठी निराळे विकत मिळतात, ही माहिती आम्हांस नवीन होती.

प्रश्न काकूंचा होता. त्यांचे वय आता ऐंशीच्या पुढे गेले आहे. पुतण्याने त्यांना पटविण्यासाठी थोर उदाहरण पुढे केले. "मोठी आजी, सलीम अलींनीसुद्धा लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमणी मारली होती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून ते १९०८ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तिथल्या मिलार्ड साहेबांनी त्यांना पक्षी ओळखायला शिकवले."

काकू म्हणाल्या, "बाळ, चिमण्या मारणारी मुले पुष्कळ होती. हा कोणता पक्षी, म्हणून विचारायला गेला तो एकटा. तू काय विचारणार आहेस ते आधी सांग."

पुतण्या क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "ही बंदूक दर वेळी सारखी का उडत नाही, हे मला शोधायचे आहे."

हे उत्तर त्यांस पसंत पडले असावे. त्यांनी परवानगी दिली. परंतु जिवंत वस्तूकडे नळी वळवायची नाही, आणि किल्ली आपल्या कमरेला राहील, अशा दोन अटी घातल्या. पहिली अट कायद्याचीही आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडील बहुतेक सर्व पक्ष्यांना अभय दिले आहे. आमच्या शेजारच्या कर्जत तालुक्यात तर रेहेकुरीला १९८० पासून काळविटांचे अभयारण्यच आहे.

काम सुरू करण्यापूर्वी बंदुकीची मूळ स्थिती मोजणे अवश्य होते. छऱ्याचा वेग मोजण्याची विजेवर चालणारी यंत्रे आता मिळतात. परंतु आम्ही जुनीच युक्ती योजली. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली आपल्या तोफशास्त्रावरील ग्रंथात ती वर्णिली आहे. टांगलेल्या जड वस्तूत गोळी रुतली म्हणजे ती वस्तू झोका घेते, आणि झोक्याच्या लांबीवरून गोळीचा वेग काढता येतो. आम्ही एका डब्यात शाडूची माती दाबून भरली. डब्याचे वजन अर्धा किलो भरले. तो एक मीटर लांबीच्या दोऱ्यांनी ओसरीच्या तुळईला टांगला, आणि झोका कोठवर जातो ते कळावे म्हणून मागे आखीव कागदावर एक हलकी चिठ्ठी ठेवली. नळीतून निघणाऱ्या वाऱ्याचा धक्का डब्याला बसू नये यासाठी मध्ये भोक पाडलेला पुठ्ठा उभा केला. आमचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा होता. म्हणजे डबा त्याच्या हजारपट जड. हिशेब केला तेव्हा झोक्याच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे छऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे ३१ मीटर येतो असे निघाले.

पहिल्या दहा बारांची नोंद पाहून आम्ही थक्क झालो. एक झोका ६.१ सेंटिमीटर, तर दुसरा ४.८. म्हणजे एकाच बंदुकीतून, एकाच डबीतील छर्रे कधी १९० मीटर वेगाने सुटत, तर कधी दीडशेने. दहा मीटरांवर लावलेल्या कागदावर पाच छर्रे एका पुरीएवढ्या जागेत विखुरले. शिवाय प्रत्येक बाराबरोबर बंदुकीच्या पोटातून सैल तारेसारखा झणत्कार येई.

दुसरे दिवशी बंदूक खोलली. ती रिकामी असल्याची दोनदा खात्री करून घेतली, कारण अशा कामात विस्मरण क्षम्य नसते. बंदूक ताणलेली नसली तरी आतील स्प्रिंग थोडी दाबलेलीच असते. मागचे बूच एकदम सोडले तर ती माणसाच्या तोंडावर येते. म्हणून पुतण्याने सुताराच्या शिकंज्यात बंदूक धरून बूच हळूहळू मोकळे केले. आत पाहतो तो तात्यांच्या वेळच्या तेलाचा काळा डिंक झालेला, चामड्याचा वायसर जुन्या पापडासारखा वाळलेला, आणि स्प्रिंग मधोमध वाकलेली. शहाबादी फरशीवरून घरंगळत सोडली तेव्हा ती लंगडत चालली.

बंदुकीचा दोष येथे उघड झाला. चाप ओढताच स्प्रिंग सुटते, दट्ट्या नळकांड्यात पुढे झेपावतो आणि समोरची हवा दाबतो. त्या दाबाने छर्रा निघतो. दट्ट्या पुढे जाताना बंदूक मागे येते, आणि तो हवेच्या गादीवर आदळून थांबताना ती पुन्हा पुढे जाते. हे दोन्ही हिसके छर्रा नळीबाहेर पडण्याच्या आत बसतात. वायसर सुकला असेल तर हवा निसटते, आणि स्प्रिंग वाकडी असेल तर हिसका दर खेपेस निराळा बसतो. मग धरणाऱ्याचा हात कितीही स्थिर असो, नेम लागावा कसा?

सगळे भाग घासूनपुसून स्वच्छ केले. नवा वायसर किंचित घट्ट होता. तो बारीक कागदाने थोडा थोडा घासून, दट्ट्या हाताने ढकलता येईल पण सैल सरकणार नाही असा बसविला. गुळगुळीत दांडी नव्या स्प्रिंगच्या पोटात घट्ट बसली. झणत्कार थांबविण्याचे काम तिचे. ग्रीस मात्र आम्ही उदार हाताने लावले आणि तेथेच चुकलो. पहिल्याच बाराला मोठा कडाका झाला, नळीतून निळसर धूर निघाला आणि डब्याचा झोका साडेसात सेंटिमीटरांवर गेला.

पुतण्या हर्षाने ओरडला, "काका, सव्वादोनशेच्या वर!"

आम्हांस त्याच्या मुद्रेवर आमचेच बारा वर्षांचे तोंड दिसले. तो वेग स्प्रिंगचा नव्हता. हवा एकाएकी दाबली गेली म्हणजे इतकी तापते की, तीत आलेले तेल पेट घेते. डिझेलचे यंत्र याच तत्त्वावर चालते. असे बार होत राहिले तर नवा वायसर व स्प्रिंग दोन्हींचा नाश ठरलेला. बंदूक पुन्हा खोलावी लागली, आणि बोटाला जेमतेम लागेल इतकेच ग्रीस ठेवून बाकीचे पुसून काढले.

आता राहिल्या त्या तीन चकत्या. त्या स्प्रिंगमागे घातल्या म्हणजे ती आधीच अधिक दाबली जाते आणि जोर वाढतो. तिन्ही घालाव्यात असा पुतण्याचा आग्रह. आम्ही कायदा सांगितला. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटर छिद्राच्या आणि २० ज्यूलपर्यंत जोराच्या छऱ्याच्या बंदुकीस परवाना लागत नाही. त्यापुढे गेल्यास लागतो. त्याने तत्काळ कागदावर हिशेब मांडून, आपण त्या मर्यादेच्या पुष्कळ खाली आहोत, हे सिद्ध केले. हिशेब बरोबर होता, आणि आमच्यापाशी दुसरे उत्तर नव्हते.

उत्तर काकूंनी दिले. त्या ओसरीवर वाती वळीत बसल्या होत्या. तरुणपणी त्या गात असत, आणि त्यांचा मिरजेहून आणलेला तंबोरा अद्याप कोपऱ्यात उभा आहे. त्या म्हणाल्या, "खुंटी पिळली म्हणजे सूर चढतो, बाळ, लागतो असे नाही. आधी तुझा सूर लागतो का ते बघ."

चकत्यांवाचून बंदूक जुळविली. झोके मोजले. ५.६, ५.७, ५.६५, पुन्हा ५.७. दहाही बार ५.६ आणि ५.७५ यांच्या दरम्यान बसले. म्हणजे वेग १७५ ते १८० मीटर, आणि जोर आठ ज्यूलांच्या आसपास. पूर्वीच्या सर्वांत जोरदार बारापेक्षा हा वेग कमीच होता. परंतु झणत्कार नाहीसा होऊन केवळ एक बसका ठोका ऐकू येऊ लागला. बंदूक खांद्याशी आवळून न धरता तळहातावर नुसती विसावू दिली, तेव्हा पाच छर्रे दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकले जातील इतके जवळ पडले. दहा मीटर हेच अंतर ऑलिंपिकमध्ये १९८४ पासून आहे. आपल्या अंजली भागवत २००० साली सिडनीला याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचल्या, आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोत जगज्जेता झाला. त्यांच्या बंदुका आता स्प्रिंगच्या नसतात, आणि त्यांच्या लक्ष्याचा मध्यबिंदू अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तरी एका नाण्याएवढे यश आमच्या ओसरीला पुरेसे होते.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी पुतण्या पुन्हा बार मोजीत होता. मागे वाळूच्या पोत्यांची भिंत रचली होती. त्याने बंदूक ताणली, छर्रा भरला, आणि इतक्यात एक होला येऊन नेमका त्या पोत्यांवर, टांगलेल्या डब्याच्या हातभर वर बसला. शेजारीच काकू पाखरांसाठी पाण्याचे परळ ठेवीत असतात. तिकडे तो निघाला असावा. आम्ही खोलीच्या दारात होतो. हाक मारावी असे मनात आले, पण घशातून शब्द फुटेना. जुईचा तो मांडव केव्हाच मोडला आहे. त्या क्षणी मात्र तो आमच्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

आमची बंदूक एकदा ताणली म्हणजे बार काढल्यावाचून मोकळी होत नाही. पुतण्याने चापावरील बोट काढले, नळी जमिनीवरच्या वाळूकडे वळविली, आणि तसाच उभा राहिला. होला परळावर उतरला, सावकाश पाणी प्याला, मान फिरवून इकडेतिकडे पाहून घेतले, आणि उडून गेला. मुलाचे दंड एव्हाना थरथरू लागले होते. त्याने थोडा विसावा घेतला, डब्यावर नेम धरला आणि चाप ओढला. झोका ५.६५ भरला. त्याने तो नेहमीसारखा वहीत लिहिला.

काकूंनी ओसरीवरून हे सर्व पाहिले होते. त्या काही बोलल्या नाहीत. त्या दिवशीही बोलल्या नव्हत्या. संध्याकाळी त्यांनी बंदुकीची पेटी माळ्यावर चढवू नका, तंबोऱ्याजवळच्या कपाटात ठेवा, असे सांगितले. किल्ली अजून त्यांच्याच कमरेला आहे. त्या तीन चकत्या त्यांच्या सुपारीच्या डब्यात पडून आहेत. पुतण्या दिवाळीला येऊन गेला. त्याने त्या मागितल्या नाहीत.