पिशवीतला संगणक

संगणक आता आपल्या ओळखीचा झाला आहे. शाळेत, बँकेत, एस. टी. च्या आरक्षण खिडकीवर आपण तो पाहतो. पण पाहणे वेगळे आणि हाताळणे वेगळे. महाग वस्तूजवळ मूल गेले की कोणीतरी म्हणतेच, "हात लावू नकोस, बिघडेल!" हे ऐकत ऐकत कितीतरी मुले मोठी होतात. बिघडेल या भीतीने ती बटण दाबत नाहीत, आणि बटण दाबत नाहीत म्हणून शिकत नाहीत.

आमच्या मालेगावात यंत्रमाग पुष्कळ आहेत. माग बंद पडला की जॉबरला बोलावतात. तो माग उघडतो, एकेक भाग तपासतो, पाना फिरवतो आणि माग पुन्हा खडखडू लागतो. ज्याला यंत्र उघडता येते, त्याला यंत्राची भीती वाटत नाही. मला संगणक हवा होता तो असाच. मला त्यावर लेख लिहायचे होते आणि प्रोग्रामही तयार करायचे होते. प्रवासात तो बरोबर नेता यावा, वीज गेली तरी चालावा आणि खिशाला परवडावा, एवढीच माझी अपेक्षा होती.

असा संगणक जुळवता येतो, हे मला एका छोट्या पाटीमुळे समजले. तिचे नाव रास्पबेरी पाय. तिची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात एबेन अप्टन नावाचे संगणकतज्ज्ञ होते. संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांची संख्या कमी होत आहे, आणि जी येतात त्यांना प्रोग्राम लिहिण्याचा सराव नसतो, असे त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. १९८० नंतरच्या काळात तिकडे मुलांच्या घरी साधे संगणक असत. ते सुरू केले की पडद्यावर लगेच प्रोग्राम लिहिता येई. पुढे संगणक सुधारले. पण घरातल्या महाग संगणकावर मुलांना मोडतोड कोण करू देणार? म्हणून या मंडळींनी मुलांसाठी मुद्दाम स्वस्त संगणक बनवला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीला आला. त्याची किंमत होती ३५ डॉलर. रास्पबेरी हे एका फळाचे नाव आहे, तर 'पाय' हा शब्द पायथन या संगणकभाषेवरून घेतला आहे.

ही पाटी ८५ मिलिमीटर लांब आणि ५६ मिलिमीटर रुंद असते. म्हणजे जवळजवळ एटीएम कार्डाएवढी! वजन पन्नास ग्रॅमपेक्षाही कमी. एवढ्याशा जागेत संगणकाचा मेंदू, त्याची स्मृती आणि तारा जोडण्याच्या खाचा बसवलेल्या असतात. मात्र तिला पडदा नसतो, कळफलक नसतो आणि बॅटरीही नसते. या वस्तू आपण जमवायच्या.

मी २०२१ साली ही जुळणी केली. पाटी घेतली ती रास्पबेरी पाय ४ या प्रकारची. सात इंचांचा एक लहान पडदा घेतला. तारेचा साधा कळफलक बाजारात स्वस्तात मिळाला. ३२ जीबीचे मेमरी कार्ड घेतले. मोबाईल चार्ज करण्याची पॉवर बँक घेतली. ओळखीच्या एका सुतारकाकांनी उरलेल्या प्लायवूडची छोटी पेटी करून दिली. डबा धातूचा असता, तर पाटीला चिकटून शॉर्टसर्किट होण्याची भीती होती. म्हणून लाकूड बरे. पाटी तापते, तेव्हा हवा खेळण्यासाठी पेटीला भोकेही पाडून घेतली. सगळा खर्च साधारण साडेआठ हजार रुपये झाला. भाव बदलत राहतात. म्हणून आकडा लक्षात ठेवण्यापेक्षा रीत लक्षात ठेवावी. जुना पडदा किंवा जुना कळफलक घरी असेल, तर खर्च आणखी कमी होतो.

विजेचे गणित आधी वहीत मांडावे लागते. माझी पॉवर बँक १०,००० मिलिअँपिअर-तासांची आहे. तिच्या आतील बॅटरीचा दाब ३.७ व्होल्ट असतो. १० अँपिअर-तासांना ३.७ ने गुणले की ३७ वॅट-तास येतात. दाब वाढवून ५ व्होल्ट करताना काही ऊर्जा वाया जाते. उरतात सुमारे ३० वॅट-तास. लिहिण्याच्या साध्या कामाला पाटी आणि पडदा मिळून सुमारे ७ वॅट लागतात. ३० भागिले ७, म्हणजे चार तासांहून थोडे जास्त. मालेगावहून एस. टी. ने नाशिकला पोहोचेपर्यंत वीज पुरते. तारही चांगली जाड हवी. तार बारीक असेल, तर पाटीपर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही, आणि पडद्याच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचे चिन्ह दिसू लागते. तो संगणकाचा इशारा असतो.

या संगणकात एक गंमतही आहे. त्याच्या घड्याळाला स्वतंत्र बॅटरी नाही. इंटरनेट मिळाले की तो बरोबर वेळ लावून घेतो. न मिळाल्यास काल रात्री बंद केला तीच वेळ अजून चालू आहे, असे तो समजतो! त्याच्या मर्यादाही आहेत. मोठे खेळ त्यावर चालत नाहीत. एकाच वेळी पुष्कळ कामे दिली की तो मंदावतो. पण लेख लिहायला आणि प्रोग्राम शिकायला तो पुरून उरतो.

त्याचा खरा गुण मला वेगळाच वाटतो. संगणकाला चालवणारी सारी प्रणाली नखाएवढ्या मेमरी कार्डावर असते. ही प्रणाली लिनक्सवर आधारलेली असून मोफत मिळते. काहीतरी चुकीचे दाबले आणि सगळे बंद पडले, तर कार्ड दुसऱ्या संगणकात घालून प्रणाली पुन्हा उतरवून घ्यायची. अर्ध्या-पाऊण तासात संगणक नव्यासारखा! फक्त आपल्या लेखनाची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवायची, आणि संगणक नीट बंद करूनच वीज काढायची.

माझ्या बहिणीची मुलगी आठवीत आहे. घरात एकच मोबाईल, तो तिचे अब्बा कामावर नेतात. तिच्यासाठी मी वेगळे कार्ड आणले. माझे कार्ड काढून तिचे घातले की संगणक तिचा होतो. तिचे काम वेगळे, माझे वेगळे. पहिल्या दिवशी तिने विचारले, "मामू, बिघडला तर?"

मी म्हणालो, "बिघडू दे. तूच दुरुस्त करशील."

दोन महिन्यांत तिने पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला. तिचे अब्बा यंत्रमागावर काम करतात. जितके मीटर कापड विणले, तितकी मजुरी. रोजचे मीटर लिहिले की आठवड्याची मजुरी पडद्यावर येते, एवढेच तिचा प्रोग्राम करतो. एका आठवड्यात तिची बेरीज आणि मजुरीची चिठ्ठी जुळेना. बारा मीटरचा फरक येत होता. अब्बांनी कारखान्यात वही पाहायला सांगितली. एका मागाचे बुधवारचे मीटर चिठ्ठीत धरायचे राहून गेले होते. मुनीमजींनी लगेच पैसे दिले. रक्कम थोडीच होती. पण पुढच्या आठवड्यापासून अब्बा रात्री घरी आले की आधी म्हणू लागले, "बेटी, आजचे मीटर लिहून घे."

मी स्वतः या संगणकावर उर्दू आणि मराठी दोन्ही लिहितो. एक लिपी उजवीकडून डावीकडे जाते, दुसरी डावीकडून उजवीकडे. पूर्वी उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत असत. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालिक अक्षरांमुळे उर्दू मजकूर संगणकावर जुळवता येऊ लागला. १९९१ पासून आलेल्या युनिकोड पद्धतीत देवनागरी आणि उर्दूची अरबी लिपी दोन्हींना जागा मिळाली. आज नस्तालिक अक्षरे मोफत मिळतात. त्यामुळे माझ्या एकाच पानावर वर शेर असतो आणि खाली त्याचा मराठी अर्थ.

मित्रांनो, तुम्ही हाच संगणक घ्यावा असे मी म्हणत नाही. दोघा-तिघा मित्रांनी मिळून एक पाटी घेतली आणि प्रत्येकाने आपापले कार्ड ठेवले, तरी चालेल. शाळेतला जुना संगणक मिळाला, तरी चालेल. गुरुजींना विचारा, त्यांच्या देखरेखीखाली तो सुरू करा आणि त्यावर आपल्या घरच्या उपयोगाचे एखादे काम करून पाहा. किराणा दुकानाची उधारी असो, आजीच्या औषधांच्या वेळा असोत की आपली कविता असो. आपल्या हाताने केलेल्या कामातूनच यंत्राची ओळख पटते आणि भीती जाते.