वीतभर भुसा

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी वराळ्यातल्या भाताच्या गिरणीवर तुसाची पोती भरत उभा होतो. गिरणीवाले काका म्हणाले, "म्हशी घेतल्या का काय, इंजिनीयर?" म्हटलं, "नाही काका, माकडांना पाहिजे." काका अजून हसतायत.

झालं असं की, सुट्टीच्या दिवशी मी एका प्राणी निवारा केंद्रात मदतीला जातो. तिथे मदाऱ्यांकडून सोडवलेली चार माकडं आहेत. (माकडांच्या खेळांवर केंद्र सरकारने १९९८ मध्ये बंदी घातली, २००१ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ती उचलून धरली. तरी गळ्यातल्या दोऱ्या काही सुटल्या नाहीत.) पिंजरा स्वच्छ, खाली सिमेंट, रोज पाइपने धुतलेलं. रानात माकडाचा निम्मा दिवस खाणं शोधण्यात जातो. इथे ताटली ठेवली की दहा मिनिटांत गालाच्या पिशव्या भरून मोकळे. पुढे दिवसभर करायचं काय? सगळ्यात म्हातारी, तिला आम्ही आजी म्हणतो, हातावरचे केस उपटत बसायची. कोपरापर्यंत कातडी उघडी पडलेली. मी तीन महिने बेंचवर होतो तेव्हा नखं कुरतडून बोटांची हीच गत केली होती, त्यामुळे आजीचं दुखणं लगेच कळलं :-)

शोधताना स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठातला १९८२ चा अभ्यास सापडला. आठ जातींच्या माकडांखाली लाकडाच्या ढलप्यांचा जाड थर घातला, त्यात दाणे विखुरले. भांडणं कमी झाली. गंमत म्हणजे थर जुना होत गेला तसे त्यात जंतू टिकेनासे झाले! रोज सिमेंट धुणाऱ्या आमच्या दादांना हे पटवताना नाकी नऊ आले.

तूस फुकट, म्हणून आधी तूस. चूक माझीच. धूळ इतकी की दुसऱ्या दिवशी आजी शिंकतेय. त्या रात्री झोप नाही. सगळं उपसलं. पेंढा? ओला झाला की बुरशी, आणि आपला मावळातला पाऊस... बाद. प्लायवुडच्या भुशात गोंद असतो, तोही बाद. शेवटी सुताराकडून साध्या, रंग-पॉलिश न लागलेल्या लाकडाचा रंध्याचा भुसा आणला. वर सुका पालापाचोळा, कण्हेरीची पानं वेचून काढलेला.

रविवारी वीतभर थर घातला, मूठभर ज्वारी आणि हरभरे उधळले. तिघं तुटून पडली. आजी तासभर वरच्या दांडीवरच. मग उतरली, एक कुरळी सालपटी उचलली, हुंगली, परत ठेवली. आणि दोन्ही हात आत घातले.

मी घड्याळ लावलं. चाळीस मिनिटं. एकही केस नाही.

दादा मागे येऊन उभे होते. म्हणाले, "पुढच्या वेळी हरभरे कमी टाका. ज्वारी शोधायला जास्त वेळ लागतोय तिला."