पाठीवरची बहीण

सिएटलमध्ये लेक युनियनच्या काठाला फ्रेड हचिन्सन कर्करोग केंद्राच्या इमारती आहेत. कामावर जाताना तिथून जाते तेव्हा दर वेळी मनात येतं, इंदापूर तालुक्यातल्या माझ्या भाचीच्या उपचारांची वाट इथूनच निघाली. बोनमॅरो प्रत्यारोपण रुळवणारे डॉ. डोनल थॉमस याच संस्थेतले; १९९० साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्या हाताखाली शिकून गेलेल्या डॉ. सुरेश अडवाणींनी १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात भारतातलं पहिलं यशस्वी बोनमॅरो प्रत्यारोपण केलं. रुग्ण होती रक्ताचा कर्करोग झालेली नऊ वर्षांची मुलगी. मॅरो दिला तिच्या भावाने. अडवाणींचं नाव राहिलं, आणि राहायलाच हवं. लहानपणी पोलिओ झालेल्या या माणसाने चाकाच्या खुर्चीतून हे उभं केलं. माझं मन मात्र त्या भावापाशी अडतं. त्याला कुणी जवळ बसवून सगळं सांगितलं असेल का?

भाचीला थॅलेसेमिया आहे. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, आणि त्यातून अंगात साचणारं लोह काढायला वर औषधं. प्रत्यारोपणासाठी सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आई-बापाशी बहुधा निम्मंच जुळतं. तिच्या दहा वर्षांच्या भावाचं जुळलं, तेव्हा बारामतीपासून इंदापूरपर्यंतच्या पाहुण्यांचे फोन सुरू झाले. "वाघ आहे आमचा!" "पाठीवरच्या बहिणीसाठी एवढं करणारच की!" कौतुक मनापासूनचं होतं. पण एकदा वाघ ठरवल्यावर त्या पोराने भीती वाटते हे सांगायचं कुणाला?

आई-वडील तिला घेऊन शहरात, हा सणसरला मामाकडे. व्हिडिओ कॉलवर शाळेचं, क्रिकेटचं सांगत होता, पण एक हात सारखा मागे कमरेवर. मामी चहा टाकायला उठली तशी आवाज खाली आणून म्हणाला, "आत्या, हाड पोकळ झाल्यावर मला पळता येईल का?"

घरातल्यांना दोष कसा देऊ? सगळ्यांचा जीव रिपोर्टांत अडकलेला. इथे सिएटलमध्ये डॉन मेयर यांनी आजारी आणि अपंग मुलांच्या भावंडांसाठी 'सिबशॉप' नावाचे मेळावे सुरू केले. त्यांत ही मुलं एकत्र खेळतात, काहीतरी रांधतात, आणि घरी न बोललेलं बोलतात: राग येतो, हेवा वाटतो, आपल्यामुळेच झालं का अशी शंका येते. मला हे फार मोलाचं वाटतं. प्रेम आहे म्हणून राग नसतो असं थोडंच आहे?

आणि प्रेम तर त्याला कुणी शिकवावं लागलंच नाही. आषाढात तुकोबांची पालखी आली, बेलवाडीला रिंगण झालं. संसर्गाच्या भीतीने बहिणीला गर्दीत नेता येत नव्हतं. हा गेला, आणि अश्वाच्या टापांखालची माती वहीच्या कागदात बांधून तिच्यासाठी घेऊन आला. दवाखान्यात माती कशी चालणार? आजीने ती पुडी देवघरात ठेवली.

मी माझ्या भावाला, म्हणजे त्याच्या वडिलांना, एकच विनवलं: डॉक्टरांना पोराशी थेट बोलू दे, तुम्ही मध्ये बोलू नका. डॉक्टरांनी त्याला समोर बसवलं. भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईने मॅरो काढतात, हाड होतं तसंच राहतं, काही दिवस दुखतं, काढलेला मॅरो काही आठवड्यांत अंगात पुन्हा तयार होतो. मनात नसेल तर तसंही सांग, कुणी रागावणार नाही. पुढे तिचा रक्तगटही तुझाच होईल.

त्याने सगळं ऐकून घेतलं, हो म्हणाला, आणि विचारलं, "मग तिलापण माझ्यासारखी गवार नकोशी होईल का?"