आमची क्रूझ

हापिसातला एक मित्र गॅलापागोसच्या क्रूझवर जाऊन आला. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत फोटो, फोटो आणि फोटो. ज्वालामुखीची काळी बेटं, त्यावर ऊन खात पडलेले इग्वाना, आणि उडणंच विसरलेला एक पाणकावळा! पंख एवढुस्से. जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू.

मग या वीकांताला आमची 'क्रूझ' ठरली. भंडारदरा. बायपास झाल्यापासून बाबांचे गड बंद आहेत. एकेकाळी मला हाताला धरून रतनगडाच्या नेढ्यापर्यंत नेणारा माणूस, आता म्हणतो खालून तरी बघू. म्हणून धरणाच्या पाण्यातून रतनवाडीकडे जाणारी मोटरबोट.

तसं बघाल तर ज्वालामुखी इथेही आहेच. हा सगळा काळा कातळ म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थरावर थर. ज्या चुलीवर तो शिजला, ती आता हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे असं बरेच भूवैज्ञानिक मानतात. तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. म्हणजे चूल तिथेच, सरकलो आपण! हे सगळं उत्साहाने बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "बरं. आता जरा गप्प बस."

समोर पाण्यातल्या वठलेल्या झाडावर पाणकावळे होते. सहा-सात असतील, पंख पसरून बसलेले. यांची पिसं चांगली भिजतात, बुडी मारायला ते बरंच, पण मग असं वाळवत बसावं लागतं. मी कॅमेरा काढला. "दादा, अजून थोडं जवळ घ्या ना." नावाड्याने एकदा बाबांकडे पाहिलं आणि बोट पुढे काढली. फडफड! पाण्याला घासत सगळे पसार. फोटोत नुसतं खोड.

बाबा काही बोलले नाहीत. हा त्यांचा रागवायचा प्रकार, लहानपणापासून ओळखीचा. बऱ्याच वेळाने म्हणाले, "वाळले नव्हते रे अजून."

परतताना मीच इंजिन बंद करायला सांगितलं, तेही बऱ्याच लांबून. कॅमेरा सॅकमध्ये. बोट नुसती तरंगत होती, मागे रतनगडाचा खुट्टा, आणि बाबा त्याच्याकडे पाठ करून झाडाकडे बघत बसलेले. दहा-पंधरा मिनिटांनी एक पाणकावळा परत आला. मग अजून एक. बाबा ओठातल्या ओठात मोजायला लागले.

चारपर्यंत पोचले. मग नावाडी म्हणाला, "काका, अंधार पडंल."

"पाचवा येऊ दे," बाबा म्हणाले.