वलवणचे पाणी

वलवणला जाऊन काय पाहिलेत, असे कोणी विचारले की मी जरा अडचणीत येतो. लोणावळ्याला गेलेल्या माणसाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. तो टायगर पॉइंटचे धुके पाहून येतो, भुशीच्या पायऱ्यांवर भिजून येतो आणि चिक्कीची पुडकी घेऊन येतो. वलवण लोणावळ्याला इतके चिकटून आहे की एक कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते हे रिक्षावाल्यालाही सांगता यायचे नाही. तरी आमच्यासारखी जुनी घरे असलेली मंडळी अजून अट्टहासाने “आम्ही वलवणला जातो” असेच म्हणतात. पुण्याच्या बाजूने येताना हमरस्त्याच्या एका अंगाला धरणाची ती लांबलचक दगडी भिंत दिसली की पोचलो असे समजावे. द्रुतगती मार्गाने येणाऱ्यांना उतरायची वाटही वलवणलाच आहे. पण उतरलेला माणूस वलवणला थांबत नाही, पुढे जातो. वलवणचे नशीबच तसे आहे.

आमच्या आजोबांनी तिथे एक बैठे, कौलारू घर बांधले. त्यांच्या मागे वडील आणि काका यांचे काही बिनसले. कशावरून बिनसले ते आम्हां मुलांना कोणी नीटसे सांगितले नाही. एका उन्हाळ्यात आम्ही गेलो, तर ओटीच्या मधोमध फळ्यांची भिंत आणि अंगणाच्या मधोमध तारेचे कुंपण! विहीर काकांकडे गेली, चाफा आमच्याकडे राहिला. आता वडीलही नाहीत आणि काकाही नाहीत. त्यांच्या अर्ध्यात ऐंशी ओलांडलेल्या काकू एका कामवाल्या बाईच्या सोबतीने राहतात. आम्ही आमच्या अर्ध्यात वर्षातून दोनदा जातो. काकू दिसल्या की मी नमस्कार करतो, त्या “कधी आलास?” म्हणतात, आणि संभाषण संपते. भांडण ज्यांचे होते ते गेले, आणि अबोला आमच्या वाटणीला आला.

यंदा भाद्रपदात चार दिवस सवड काढून आम्ही गेलो. पाऊस असा की छत्री उघडण्यात अर्थ नाही. गाव पाहायचे ते खिडकीतून. काकूंचा नातू, म्हणजे माझ्या चुलतभावाचा मुलगा, त्याच वेळी आजीकडे आलेला. माझी मुलगी आणि तो यांचे आपापसांत टेलिफोनवर सारे गूळपीठ आहे, हे आम्हां मोठ्यांना तिथे पोचल्यावर कळले. आमच्या पाठीमागे दोघांनी ठरवले होते, की रात्री आमच्या ओटीच्या भिंतीवर पांढरी चादर लावायची आणि चित्रपट पाहायचा. चित्रपट कोरियाचा, हेरांचा आणि धडाधड गोळीबाराचा! मी कपाळाला हात लावला. पण नातू पुढे म्हणाला, “आजीलाही आणतो.” त्यावर नाही म्हणायला माझ्याजवळ शब्द नव्हते.

साडेआठला काकू आल्या. कुंपणाला दार नसल्यामुळे त्यांना रस्त्यावरून वळसा घालून, चिखल तुडवीत यावे लागले. पंचवीस पावलांच्या अंतराला पाच मिनिटे लागली. त्या बावीस वर्षांनी आमच्या ओटीवर येत होत्या. माझ्या पत्नीने पाट द्यावा की खुर्ची, याच विचारात थोडा वेळ घालवला.

चित्रपटाचे नाव ‘शिरी’. १९९९ साली कांग जे-ग्यू या दिग्दर्शकाने तो काढला, आणि दक्षिण कोरियात त्याने ‘टायटॅनिक’चा विक्रम मोडला. शिरी हे तिकडच्या ओढ्यांत राहणाऱ्या एका लहानशा माशाचे नाव. कथा अशी, की उत्तर कोरियाची एक नेमबाज बाई दक्षिणेत येऊन माणसे टिपीत असते. तिचा माग काढणारा दक्षिणेचा अधिकारी लवकरच लग्न करणार असतो. त्याची वाग्दत्त वधू शोभेचे मासे विकण्याचे दुकान चालवीत असते. ज्यांना चित्रपट पुढे पाहायचा आहे त्यांनी एवढ्यावर थांबून चकलीचा एक तुकडा मोडावा आणि पुढचा परिच्छेद सोडावा.

खाली इंग्रजी अक्षरे उमटत होती. काकूंना ती तितक्या घाईने वाचता येईनात, म्हणून माझी मुलगी शेजारी बसून मराठीत सांगत होती. गोळीबार सुरू झाला की नातू हवेत मुठी आपटी. माझी पत्नी दर पाच मिनिटांनी विचारी, “आता हा कोणाकडचा?” मला खरे म्हणजे दोन्ही बाजूंचे चेहरे ओळखता येत नव्हते, पण कुटुंबप्रमुखाने तसे कबूल करायचे नसते, म्हणून मी गंभीरपणे मान हलवीत होतो. अर्धा तासही झाला नसेल, तोच काकू शांतपणे म्हणाल्या, “ती मासेवाली पोरगीच ती बंदूकवाली.”

“आजी, तू आधी पाहिलायस?” नातू उसळून म्हणाला.

“छे रे! पण लग्न ठरलेली मुलगी माहेरचे नाव एकदाही काढीत नाही. असे कधी होते का?”

आणि तसेच निघाले! दक्षिणेच्या सगळ्या गुप्तहेर खात्याला जे शेवटपर्यंत कळले नाही, ते वलवणच्या काकूंनी पाटावर बसल्या बसल्या सांगितले. शेवटी एका क्रीडांगणावर उत्तर आणि दक्षिण यांचा सामना चालू असतो, आणि तिथे नायकाला आपल्या वाग्दत्त वधूवरच गोळी झाडावी लागते. ती गरोदर होती आणि तिनेच आदल्या क्षणी त्याच्यासाठी कटाची माहिती ठेवून दिली होती, हे त्याला मागाहून समजते. मुले गप्प झाली. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि विचारले, “तो दुसरा, उत्तरेचा पुढारी, मरण्याआधी काय ओरडत होता?”

मुलीने सांगितले, की तुम्ही इकडे पोटभर खाता आणि तिकडे आमची पोरे उपाशी मरतात, असे काहीसे तो म्हणत होता.

“मग खोटे काय बोलला?” काकू म्हणाल्या. “कृत्य वाईट खरेच, पण बोलला ते खोटे नाही.”

मला वाटते, त्या चित्रपटाचे यश इथेच असावे. त्याआधीच्या तिकडच्या चित्रपटांत उत्तरेचा माणूस म्हणजे बहुधा नुसता राक्षस. इथे प्रथम लाखो प्रेक्षकांनी त्याच्या डोळ्यांत पाहिले, आणि तो आपल्याच भाषेत बोलतो, आपल्याच भावासारखा रागावतो, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढच्याच वर्षी, २००० च्या जूनमध्ये, दोन्ही कोरियांचे प्रमुख फाळणीनंतर प्रथमच एकमेकांना भेटले. चित्रपटामुळे भेटले असे कोणी म्हणणार नाही. पण हवा बदलली होती खरी.

नातवाला मात्र एक खंत लागून राहिली. “असले हेर आपल्याकडे नव्हते,” तो म्हणाला. मग माझ्यातला शाळामास्तर जागा झाला. मी त्याला म्हटले, इथून नागफणीच्या बाजूला कुरवंडे आहे. १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखान आपली मोठी फौज घेऊन त्याच अंगाने घाट उतरला आणि खाली उंबरखिंडीच्या रानात शिवाजी महाराजांच्या माणसांनी त्याला पुढून-मागून कोंडले. अवजड फौज, अरुंद वाट, पाणी नाही. शेवटी खानाला शरण येऊन, सामानसुमान टाकून जावे लागले. तो कोणत्या घाटाने उतरणार ही बातमी आधी पोचल्यावाचून हे घडले असेल का? सुरतेची बातमी आणणाऱ्या बहिर्जीचे नाव तरी राहिले. पण या मावळातल्या वाटांवर गुरे राखीत, मोळी विकीत फौजा मोजणारे जे कोण असतील, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. हेराचे नाव राहिले नाही, म्हणजे त्याने काम चोख केले असे समजावे.

“त्यांच्या बायकांना ठाऊक असेल का रे?” काकूंनी विचारले. याचे उत्तर कोणत्याच बखरीत नाही.

चहा झाला. मुलांनी चादर काढली. काकू उठतील असे वाटले, पण त्या उठल्या नाहीत. “माझा दादा कोरियाला गेला होता,” त्या म्हणाल्या.

आमच्या घरात हे कोणालाच ठाऊक नव्हते. १९५३ च्या जुलैत कोरियातले युद्ध थांबले, तेव्हा आपल्या देशात परत जायला नकार देणारे २२ हजारांहून अधिक कैदी उरले होते. त्यांना सांभाळायला तटस्थ देश म्हणून भारताने सुमारे ६,००० माणसांचे दल पाठवले. त्याचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शं. पां. पाटील थोरात, आणि कैद्यांचा निवाडा करणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या. दोन्ही सैन्यांच्या मधल्या निर्मनुष्य पट्ट्यात आपल्या लोकांनी छावणी वसवली आणि तिला नाव दिले हिंदनगर. काकूंचा दादा तिथे कारकून होता.

“तो सांगायचा,” काकू म्हणाल्या, “एका तंबूत एकेका कैद्याला नेत. त्याच्या देशाचे लोक त्याला समजावीत, की बाबा, घरी चल. तंबूला बाहेर पडायला दोन दारे. एक घरी जायचे, एक न जायचे. ज्या दारातून बाहेर पडेल तो त्याचा निकाल. कोणी रडत, कोणी शिव्या देत, कोणी खुर्च्या फेकीत. दादा म्हणे, मी बाहेर बसून नुसती नावे लिहायचो, पण रात्री झोप लागत नसे. आणि काही जण असे निघाले, की त्यांना दोन्ही दारे नकोत.”

त्या शेवटच्या लोकांची हकिकत खरी आहे. ते ८८ जण होते. १९५४ च्या फेब्रुवारीत आपल्या दलाबरोबर ते बोटीने भारतात आले. पुढे त्यांतले बरेचसे दूर दक्षिण अमेरिकेत गेले, तर काही थोडे इथेच राहिले. ज्या कोरियाचा चित्रपट आम्ही परका म्हणून पाहत होतो, त्याच्या कुंपणावर आमच्याच घरातला एक माणूस पहारा करून आला होता. बावीस वर्षे आम्ही बोललो असतो, तर हे बावीस वर्षांपूर्वीच कळले असते.

दुसऱ्या दिवशी पाऊस जरा उघडला. आम्ही सारे धरणाच्या बागेच्या बाजूला फिरायला निघालो. काकूही काठी टेकीत आल्या. तलाव काठोकाठ भरलेला, पलीकडच्या डोंगरांवर ढग उतरलेले. मुलांनी विचारले, हे पाणी कुठे जाते? मी म्हटले, गंमत तीच आहे. हे इंद्रायणीच्या खोऱ्यातले पाणी. त्याने खरे म्हणजे देहू-आळंदीवरून भीमेला, भीमेतून कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राला जायचे. पण टाटांनी १९११ साली लोणावळ्यास पायाचा दगड बसवून घेतला, तलाव बांधले आणि हे पाणी खंडाळ्याच्या कड्यावरून नळांनी सतराशे फुटांहून अधिक खाली सोडले. १९१५ पासून ते खोपोलीला वीज करून पाताळगंगेत पडते आणि पश्चिमेच्या समुद्राला मिळते. मुंबईच्या गिरण्या त्यावर चालल्या.

“म्हणजे पाण्याने बाजू बदलली!” नातू म्हणाला.

“पाण्याला कुठली रे बाजू?” काकू म्हणाल्या. “ज्याने भिंत घातली त्याला बाजू.”

मी काही बोललो नाही. परतताना कुंपणापाशी आम्ही थांबलो. तारा गंजल्या होत्या आणि खांबांवर घोसाळ्याचा वेल दोन्ही बाजूंनी चढला होता. मी धीर करून म्हटले, “काकू, हे काढून टाकू या का?”

मला वाटले होते, त्यांचा गळा दाटून येईल. पण काकूंनी माझ्याकडे असे पाहिले, की मी पुन्हा दहा वर्षांचा झालो. “काढून टाकू? आणि माझी मेथी कोण राखणार? गावभरची गुरे तुमच्या बाजूने शिरतात. तुम्ही वर्षातून दोनदा येणार आणि तुमचे फाटक सदा सताड उघडे!” एवढे बोलून त्या क्षणभर थांबल्या. “एक दार कर त्याला. मला विहिरीचे पाणी तुमच्या चाफ्याला घालायचे, तर रस्त्यावरून वळसा पडतो.”

तेव्हा माझ्या ध्यानात आले. आम्ही नसताना वैशाखातही आमचा चाफा हिरवागार कसा राहतो, याचे आम्हांला दर वर्षी नवल वाटे. इतकी वर्षे कोणीतरी कळशी घेऊन, रस्त्याने वळसा घालून, आमच्या अंगणात येत होते, आणि आम्हांला त्याचा पत्ता नव्हता. हेरगिरी म्हणायची तर हीच!

त्याच दुपारी गावातल्या एका वेल्डरला बोलावले. त्याने माप घेतले, दराची घासाघीस झाली, नातवाने रंग निवडला. दसऱ्यापूर्वी दार बसवून देतो असे तो म्हणाला, आणि तसे त्याने बसवलेही. जाता जाता मात्र त्याने एक प्रश्न विचारला.

“साहेब, कडी आतल्या बाजूने लावू का बाहेरच्या?”

मी काकूंकडे पाहिले. काकूंनी माझ्याकडे पाहिले. आत कुठली आणि बाहेर कुठली, हे आम्हां दोघांनाही सांगता आले नाही.